पाचशे डॉलरची गाडी, चौदा तासांची शर्यत: पहिल्यांदाच उतरणाऱ्या संघासाठी

विकत घेतल्यापासून केवळ डोकेदुखी देणाऱ्या गाडीला अमेरिकेत ‘लेमन’ म्हणतात. फ्रान्समध्ये १९२३ साली सुरू झालेल्या ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीच्या नावावर कोटी करून जे लॅम यांनी २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील अल्टामाँट येथे ‘ट्वेन्टी फोर अवर्स ऑफ लेमन्स’ ही शर्यत सुरू केली. आता ती अमेरिकेतील अनेक ट्रॅकवर भरते. अट एवढीच, की गाडीची किंमत पाचशे डॉलरपेक्षा जास्त नसावी. नावात चोवीस तास असले, तरी बहुतेक शर्यती शनिवार आणि रविवार मिळून चौदा-पंधरा तासांच्या असतात, आणि त्या वेळेत जो सर्वाधिक फेऱ्या मारतो तो जिंकतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात नोकरी करणारे आम्ही पाच मराठी जण, तिघे आणि दोघी, एका जुन्या टोयोटा कोरोलाला मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा रंग देऊन उत्तर कॅलिफोर्नियातील विलोज गावाजवळच्या थंडरहिल ट्रॅकवर उतरलो. त्याआधीच्या आठ महिन्यांत ज्या गोष्टी कोणी आधी सांगितल्या असत्या तर बरे झाले असते, त्या येथे क्रमाने लिहिल्या आहेत.

१. गाडीच्या आधी नियमपुस्तिका वाचा

आम्ही उलटे केले. आधी गाडी घेतली आणि मग नियम वाचले, त्यामुळे काही कामे दोनदा करावी लागली. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. म्हणून चालू वर्षाची पुस्तिका घ्यावी, ती संघातील प्रत्येकाने पूर्ण वाचावी आणि सुरक्षेचे प्रकरण तर दोनदा वाचावे. या लेखातील आकडे समज येण्यापुरते आहेत. चालकाभोवतीच्या लोखंडी पिंजऱ्याची ट्यूब कापण्याआधी प्रत्येक माप पुस्तिकेशी ताडून पाहावे.

पाचशे डॉलरच्या मर्यादेत काय धरले जाते, हे नवख्यांना सहसा नीट कळत नाही. पिंजरा, शर्यतीची सीट, पट्टे, ब्रेक, चाके, टायर ही सुरक्षेची सामग्री मर्यादेत मोजली जात नाही. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन यांवर केलेला खर्च मोजला जातो. गाडीतून काढून विकलेल्या भागांचे पैसे वजा करता येतात, त्यामुळे मागची सीट, म्युझिक सिस्टीम, दारांची आतली पॅनेल हे काहीही फेकू नका. मर्यादा ओलांडल्याचे पंचांना वाटले, तर दर दहा डॉलरमागे एक फेरी कापली जाते.

२. संघ जमवा आणि पैशांचे आधीच बोलून घ्या

चार चालक तरी लागतात. पाच असल्यास उत्तम, कारण एकाला हमखास आजारपण किंवा ऑफिसचे काम निघते. शर्यतीचा परवाना लागत नाही, साधे वैध ड्रायव्हिंग लायसन्स आणि आयोजकांचे सदस्यत्व पुरते. मात्र गाडी चालवण्याची हौस असलेले पाच जण आणि शनिवारी रात्री अकरा वाजता गाडीखाली शिरून दुरुस्ती करायला तयार असलेले पाच जण हे दोन निराळे संघ असतात. तुम्हाला दुसरा हवा आहे.

पैशांबाबत स्पष्टच सांगतो. पाचशे डॉलर हा या छंदातला सर्वांत लहान खर्च आहे. केवळ पिंजरा बनवून घेण्यास आम्हाला गाडीच्या किमतीच्या कित्येक पट पैसे मोजावे लागले. सीट, पट्टे, टायर, प्रवेश शुल्क, ट्रेलरचे भाडे आणि प्रत्येकाचा पोशाख निराळा. आरंभीच एक सामायिक हिशेबाची वही ठेवा आणि दोन प्रश्नांची उत्तरे लिहून घ्या. एखादा मध्येच सोडून गेला तर त्याने भरलेल्या पैशांचे काय होणार? आणि ज्याच्या हातून गाडी आदळेल, त्याने भरपाई करायची की सगळ्यांनी मिळून? मैत्री टिकवायची असेल, तर ही उत्तरे गाडी शाबूत असतानाच ठरवलेली बरी.

३. गाडी निवडताना वेगाचा विचार शेवटी करा

माझ्या मते नवख्या संघाने नव्वदच्या दशकातील, चार सिलिंडरची, मॅन्युअल गिअरची, रस्त्यावर भरपूर दिसणारी जपानी गाडी घ्यावी. बीएमडब्ल्यूच्या जुन्या तीन-मालिकेच्या गाड्या या शर्यतीत पुष्कळ दिसतात आणि त्या चालतातही छान, पण रविवारी सकाळी विलोजसारख्या लहान गावात वॉटर पंप शोधण्याची वेळ आली, की कोणत्या गाडीचा पंप दुकानात मिळतो हे कळून येते. टर्बोची गाडी तर पहिल्या वर्षी घेऊच नका. टर्बोमुळे उष्णता वाढते आणि उष्णता हाच या शर्यतीतला खरा शत्रू आहे.

बंपर चेपलेला, रंग उडालेला चालेल. इंजिन गरम होण्याचा इतिहास असेल, तेलात पाणी गेल्याने दुधाळ फेस दिसत असेल किंवा खालची चौकट गंजलेली असेल, तर फुकट मिळाली तरी घेऊ नये. गंजलेल्या पत्र्यावर पिंजरा धरत नाही.

कागदपत्रांचाही एक सापळा आहे. शर्यतीसाठी गाडीची नोंदणी चालू असावी लागत नाही, म्हणून मालकीचे कागद नसलेली गाडी स्वस्तात घेण्याचा मोह होतो. पण शर्यत संपल्यावर ती भंगारात देताना तेच कागद मागितले जातात. कॅलिफोर्नियात गाडी रस्त्यावर आणणार नसाल, तर मोटार वाहन विभागाकडे ती वापराबाहेर असल्याची नोंद करावी लागते, नाहीतर नोंदणी शुल्क आणि दंड साचत जातो. हे काम गाडी घेतल्याच्या आठवड्यातच उरकून टाका.

४. पिंजरा: येथे काटकसर नको

गाडी उलटली, तर चालकाचा जीव वाचवतो तो हा लोखंडी पिंजरा. हलक्या, म्हणजे ३,००० पौंडांपर्यंतच्या गाडीसाठी दीड इंच व्यासाची आणि ०.०९५ इंच जाडीची ट्यूब लागते. गाडी त्याहून जड असेल, तर ट्यूबही जाड किंवा रुंद घ्यावी लागते. साध्या, शिवण असलेल्या पाइपचा पिंजरा तपासणीत नापास होतो. संघातील एखाद्याला वेल्डिंग येत असले, तरी पहिला पिंजरा शर्यतीच्या गाड्यांचे काम करणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्यावा. असे कारागीर कामात बुडालेले असतात, आम्हाला तीन महिने थांबावे लागले. म्हणून गाडी घेण्याआधीच त्यांच्याकडे नंबर लावा.

गाडी तेथे पोहोचवताना सोबत सीट, स्टिअरिंग आणि संघातील सर्वांत उंच व्यक्ती हेल्मेटसह न्या. आमच्यातील सर्वांत उंच सभासद त्या दिवशी कामात होता, म्हणून आम्ही अंदाजाने सीट बसवून घेतली. नंतर तो हेल्मेट घालून आत बसला, तेव्हा डोके वरच्या नळीला जवळजवळ टेकत होते. सीटचे पाय पुन्हा कापून खाली बसवावे लागले. सर्वांत बुटक्या चालकाचा पाय क्लचवर पूर्ण पोहोचतो की नाही, हेही त्याच वेळी पाहा. त्यासाठी आम्ही पाठीमागे ठेवायची फोमची उशी केली, मात्र ती पट्ट्यांच्या आड येता कामा नये.

डोके, गुडघे, कोपर जेथे आदळू शकतात, तेथे नळीवर कडक, शर्यतीसाठी बनवलेले आवरण लागते. पाण्याच्या पाइपवर घालतात तो मऊ फोम दिसायला तसाच असतो, पण आघातात तो दबून जातो आणि डोके लोखंडावरच आदळते. तपासनीस बोटाने दाबून पाहतो.

पिंजऱ्याखेरीज ज्या गोष्टींवर नवे संघ अडकतात, त्यांत वीज तोडणारा मुख्य स्विच पहिला येतो. तो दाबल्यावर चालू इंजिन बंद पडले पाहिजे. केवळ बॅटरीची तार तोडणारा साधा स्विच लावला, तर अल्टरनेटर स्वतःच वीज पुरवत राहतो आणि इंजिन आनंदाने चालूच राहते. आमचे नेमके हेच झाले. शर्यतीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, तपासनिसाने स्विच दाबला, इंजिन सुरूच राहिले, आणि पुढचे तीन तास आम्ही चार टोकांचा स्विच मिळवण्यात आणि जोडण्यात घालवले. घरीच, इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून ही चाचणी करा.

त्याशिवाय पुढील बाबी पाहाव्यात: बॅटरी हलवून पाहिली तरी हलू नये आणि तिचे धन टोक झाकलेले असावे, चालक आणि पेट्रोलची टाकी यांच्यामध्ये धातूची अखंड भिंत असावी, तिला तारांसाठी पाडलेली भोकेही बुजवावीत, पुढे-मागे ओढण्यासाठी मजबूत कडी असावी, ब्रेकचे दोन्ही दिवे लागावेत, आणि आग विझवण्याची व्यवस्था पुस्तिकेत सांगितली आहे तशीच असावी.

५. न थांबणारी गाडी कशी घडवावी

आधी एक हिशेब मांडतो. थंडरहिलच्या तीन मैलांच्या ट्रॅकवर आमच्यासारख्या गाडीला एका फेरीला साधारण अडीच मिनिटे लागतात, म्हणजे चौदा तासांत, न थांबता, ३३६ फेऱ्या. समजा, इंजिनावर खूप मेहनत घेऊन तुम्ही दर फेरीला तीन सेकंद वाचवले. दोन दिवसांत एकूण बचत झाली सुमारे सतरा मिनिटांची, म्हणजे जेमतेम सात फेऱ्यांची. आता रेडिएटरची नळी निसटून गाडी ट्रॅकवर बंद पडली असे धरा. ती ओढून आणणे, इंजिन थंड होणे, नळी बसवणे, पाणी भरणे यात पाऊण तास सहज जातो. अठरा फेऱ्या गेल्या. हा हिशेब आमच्या गॅरेजच्या भिंतीवर चिकटवला होता, तरीही आमची नळी शनिवारी निसटलीच, कारण आम्ही रेडिएटर नवा घेतला आणि क्लॅम्प जुनेच ठेवले.

म्हणून गाडीवरचा पहिला खर्च थंडपणावर करावा. नवा रेडिएटर, नव्या नळ्या, नवे क्लॅम्प, नवा थर्मोस्टॅट, नवा वॉटर पंप आणि त्याचा पट्टा. ग्लायकॉल असलेले कूलंट ट्रॅकवर सांडले, तर ते पुसणे कठीण आणि त्यावरून मागच्या गाड्या घसरतात, म्हणून साधे पाणी आणि त्यात मिसळायचे गंजरोधक द्रव्य वापरणे चांगले. फक्त हिवाळ्यात गाडी अंगणात उभी करताना ते पाणी काढून टाका, नाहीतर गोठून इंजिनचा ब्लॉक फुटेल. कारखान्यातून आलेल्या तापमानाच्या काट्यावर विसंबू नका, तो नुकसान होऊन गेल्यावर हलतो. वेगळा मीटर बसवा, आणि तेलाचा दाब उतरताच चालकाच्या डोळ्यांत खुपेल असा मोठा लाल दिवा लावा.

दुसरा खर्च ब्रेकवर. शहरात वर्षभरात जेवढे जोराचे ब्रेक लागतात, तेवढे येथे एका तासात लागतात. साधे ब्रेक ऑइल उकळले, की त्यात बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जाते. डीओटी ३ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, डीओटी ४ चा किमान २३०. हवेतील ओलावा शोषल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. शर्यतीसाठी मिळणारे, याहून बऱ्याच वरच्या उकळबिंदूचे डीओटी ४ घ्या आणि शर्यतीच्या आठवड्यातच भरा. पॅड शर्यतीचे असावेत, आणि दोन दिवसांत एक संच संपेल असे धरून दुसरा सोबत ठेवावा.

तिसरे, चाकांची बेअरिंग. पुढच्या चाकांची दोन्ही बदलून घ्या आणि एक हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो भाग, तयार स्थितीत सोबत न्या. दाब देणाऱ्या यंत्राशिवाय (प्रेस) ट्रॅकवर बेअरिंग बसवता येत नाही, हब मात्र अर्ध्या तासात बदलतो.

चौथे, तेल. थंडरहिलचे दुसरे वळण हे लांबलचक डावे वळण आहे. त्यात गाडी इतका वेळ झुकलेली राहते, की तेल तळाच्या एका बाजूला सरकते आणि पंप हवा ओढू लागतो. तळाच्या भांड्यात आडपत्रे बसवून घेणे हा पक्का उपाय. तेवढे जमत नसेल, तर तेल खुणेपेक्षा किंचित वर ठेवून दर थांब्यावर तपासावे.

इंजिनाची ताकद वाढवण्याबद्दल मी काहीच लिहिलेले नाही, हे लक्षात आले असेल. टायरमध्येही मऊ शर्यतीचे टायर चालत नाहीत; टायरच्या बाजूला लिहिलेला ट्रेडवेअर, म्हणजे झिजेचा, क्रमांक १९० किंवा त्याहून अधिक असावा लागतो. असा एक संच दोन दिवस सहसा पुरतो.

६. चालकाचा पोशाख

हेल्मेट स्नेल संस्थेच्या एसए मानांकनाचे, चालू किंवा नियमांत मान्य असलेल्या वर्षाचे हवे. मोटारसायकलचे एम मानांकनाचे हेल्मेट चालत नाही, कारण त्याच्या आतल्या अस्तराची आगीची चाचणी झालेली नसते. मान आवरून धरणारे उपकरण, अग्निरोधक सूट, हातमोजे, बूट आणि मोजे प्रत्येकाला लागतात. सूट एका थराचा असेल, तर आत अग्निरोधक अंतर्वस्त्रेही घालावी लागतात. सीटच्या पट्ट्यांवरील तारीख तपासा. वापरलेले पट्टे स्वस्तात मिळतात, ते मुदत संपल्यामुळेच.

७. सोबत नेण्याची यादी

कागदपत्रे:
- प्रत्येक चालकाचे लायसन्स, सदस्यत्वाची नोंद आणि आरोग्य विम्याचे कार्ड
- गाडीच्या खरेदीची पावती, मूळ जाहिरातीची छापील प्रत आणि काम सुरू करण्यापूर्वीचे फोटो
- विकलेल्या भागांच्या पावत्या
- ट्रेलर आणि तो ओढणाऱ्या गाडीचे कागद

गाडीच्या नेहमीच्या विम्यात शर्यतीतील नुकसान भरून मिळत नाही. आरोग्य विम्यातही मोटार शर्यतीतील दुखापत वगळलेली असू शकते, तेव्हा पॉलिसी वाचून घ्या.

हत्यारे आणि सामान: दोन जॅक आणि चार मजबूत स्टँड, टॉर्क पाना, मल्टिमीटर, पुष्कळ क्लॅम्प, तार, केबल टाय, डक्ट टेप, रेडिएटरच्या नळ्या, पट्टे, स्पार्क प्लग, अल्टरनेटर, इग्निशन कॉइल, दहा लिटर तेल, वीस लिटर पाणी, पाच गॅलनचे पेट्रोलचे डबे, फेऱ्या मोजणारा ट्रान्सपॉन्डर, सावलीसाठी तंबू आणि डोक्याला बांधायचा दिवा. सॅक्रामेंटो खोऱ्यातील उन्हाळा विदर्भाची आठवण करून देतो, तेव्हा तंबूला कमी लेखू नका.

८. शुक्रवार: दोन तपासण्या

एक तपासणी सुरक्षेची, दुसरी किमतीची. पहिलीत विनोद चालत नाही. दुसरीत मात्र झगे घातलेले पंच तुमची गाडी खरोखर पाचशे डॉलरची आहे का, हे तुम्हाला खोदून खोदून विचारतात, तुमची टर उडवतात, आणि येथे लाच उघडपणे स्वीकारली जाते. आम्ही चहाचा थर्मास आणि बाकरवडी नेली होती. गाडीच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिले होते आणि टपावर खोटे मीटर बसवले होते. प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली, ही गोष्ट सांगितल्यावर एक पंच खरोखरच हळवा झाला. सोंग घेण्याचा हा भाग टाळू नका. कंटाळवाण्या, कोऱ्या, वेगवान दिसणाऱ्या गाडीकडे संशयाने पाहिले जाते.

गाड्यांचे अ, ब, क असे तीन वर्ग पंच ठरवतात. सर्वांत मानाचे बक्षीस जिंकणाऱ्याला नव्हे, तर जी गाडी एवढे अंतर कापू शकेल असे कोणालाच वाटले नव्हते तिला मिळते. तेव्हा क वर्ग मिळाला, तर वाईट वाटून घेऊ नका.

तपासणी सकाळीच उरका. दुपारी रांग वाढते आणि नापास झालात, तर दुरुस्तीला वेळ उरत नाही.

९. ट्रॅकवर

चालकांची बैठक सक्तीची असते. तेथे झेंड्यांचे अर्थ सांगतात, पण ते आधीच पाठ हवेत. पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, कोणालाही मागे टाकू नये. लाल म्हणजे शर्यत थांबवली आहे. पांढरा म्हणजे पुढे हळू चालणारे वाहन आहे. काळा म्हणजे ताबडतोब पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, या आणि पंचांना भेटा.

काळा झेंडा मिळण्याची कारणे ठरलेली आहेत: पिवळ्यात पुढे जाणे, गाडी गरकन फिरणे, चाके ट्रॅकबाहेर जाणे आणि दुसऱ्या गाडीला स्पर्श होणे. स्पर्शात चूक कोणाची, हे पंच पाहत नाहीत, दोघांनाही बोलावतात. आमच्या चालकाला मागून धक्का बसला होता, तरी तोही गेला. तेथे वाद घालू नका. “माझी चूक झाली, पुन्हा होणार नाही” असे म्हणणारा पाच मिनिटांत सुटतो, दुसऱ्याची चूक सिद्ध करू पाहणारा तेथेच बसून राहतो.

पहिल्या दिवशी प्रत्येकाने पहिल्या दहा फेऱ्या आरसे पाहण्यातच घालवाव्यात. तुमच्यापेक्षा वेगवान गाड्या सतत मागून येणार आहेत. आपली रेषा सोडून त्यांना वाट करून देऊ नका. सरळ, अपेक्षित मार्गाने चालत राहिलात, तर ते स्वतःच मार्ग काढतात. अचानक बाजूला होणे हेच धडकेचे मोठे कारण आहे. इंजिनाची दर मिनिटाची आवर्तने मीटरवरील लाल रेषेच्या हजारभर खाली ठेवण्याचे बंधन संघाने स्वतःवर घालून घ्यावे. पाचव्या वळणानंतरच्या टेकडीवर पलीकडचे काही दिसत नाही, हे कोणत्याही नकाशावरून कळत नाही. म्हणून शुक्रवारचा सराव शक्यतो चुकवू नका.

१०. पिटमध्ये

दीड ते दोन तासांनी पेट्रोल आणि चालक दोन्ही बदलतात. पेट्रोल भरताना गाडीत कोणीही बसलेले नसावे, भरणाऱ्याने पूर्ण अग्निरोधक पोशाख घातलेला असावा, आणि शेजारी दुसरा सभासद तशाच पोशाखात अग्निशामक हातात धरून उभा असावा. त्या वेळी दुसरे कोणतेही काम चालत नाही. हा प्रसंग घरी, अंगणात, रिकाम्या डब्यांनी पाच वेळा करून पाहा. आमचा पहिला थांबा अकरा मिनिटांचा होता, तिसरा सहा मिनिटांचा, आणि फरक फक्त सरावाचा होता. पट्टे बांधण्यास बाहेरच्या माणसाने मदत करावी, नवा चालक घाईत खांद्याचा पट्टा सैल ठेवतो.

दर थांब्यावर एकाच व्यक्तीने, एकाच क्रमाने तेल, टायरचा दाब, चाकांचे नट आणि गळती पाहावी. उतरणाऱ्या चालकाला लगेच पाणी द्या आणि मगच “ब्रेक कसे वाटले, नवा आवाज आला का” हे विचारून वहीत लिहा. पंधरा मिनिटांनी तो ते विसरतो.

११. रविवारी संध्याकाळी

मोडलेल्या, सैल झालेल्या, गळणाऱ्या भागांची यादी गाडी ट्रेलरवर चढवण्याआधीच लिहून काढा. ट्रेलरवर गाडी थोडी पुढे ठेवा, म्हणजे जोडणीच्या टोकावर एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार येईल. भार मागे गेला, तर महामार्गावर ट्रेलर डुलू लागतो. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल आहे, आणि दोन दिवस ट्रॅकवर काढलेल्या माणसाला ती फार कमी वाटते. गाडी ज्याने त्या दिवशी सर्वांत कमी चालवली, त्याला ट्रेलर ओढणारी गाडी चालवायला बसवा. विलोजहून निघाल्यावर पहिल्याच पेट्रोल पंपावर थांबून ट्रेलरवर गाडी बांधलेले चारही पट्टे पुन्हा ताणून घ्या, कारण पहिल्या वीस-पंचवीस मैलांत ते सैल पडतात.